अनुदान कोणाच्या नावे?

२०२४ च्या सप्टेंबर महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात घनसावंगी तालुक्यातील आमच्या पाच एकरांतले सोयाबीन पाण्यात उभ्या उभ्या सडले आणि कपाशी पिवळी पडली. 'आमच्या' हा शब्द वाचकांनी केवळ सातबाऱ्याच्या अर्थाने घ्यावा. वडिलांच्या पश्चात ते रान आमच्या नावे झाले, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. आम्ही शहरात राहतो आणि रान बटईने दिलेले आहे. कसणारा गावातलाच, त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. बियाणे-खताचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत सगळी त्याची आणि पिकाची वाटणी अर्धी, असा हा तोंडी करार आहे.

पुढे गावात नुकसानभरपाईची यादी लागली. त्या यादीत नाव आमचे होते. विशिष्ट क्रमांक घेऊन आम्ही सेवा केंद्रात गेलो, यंत्रावर अंगठा टेकवला आणि काही दिवसांनी जिरायती पिकाच्या हेक्टरी १३,६०० रुपये या दराने दोन हेक्टरांचे २७,२०० रुपये आमच्या खात्यात जमा झाले. ज्याने ते पीक पेरले, खुरपले आणि डोळ्यांदेखत सडताना पाहिले, त्याचे नाव यादीत नव्हते. यात कोणाची चूक झाली नाही, कोणी लबाडी केली नाही. सारे नियमाप्रमाणे झाले, आणि म्हणूनच ही गोष्ट आमच्या मनातून जाईना.

२०२५ साली जालना जिल्ह्यातील अनुदानाचा घोटाळा राज्यभर गाजला. २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टी व अन्य आपत्तींसाठी आलेल्या भरपाईपैकी अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा आरोप आहे. तलाठी आणि महसूल कर्मचारी निलंबित झाले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अंबड पोलीस ठाण्यात २८ जणांवर गुन्हा नोंदवला गेला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम; आम्ही त्यात पडत नाही. बनावट नावांनी पैसे कसे लाटले, याची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. आम्हांला प्रश्न पडला तो खऱ्या नावांचा. यादीतली बनावट नावे उद्या सगळी वगळली, तरी उरलेली यादी शेतकऱ्यांची असेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास दीडशे वर्षे मागे जावे लागते.

* * *

'जालना सोने का पालना' अशी म्हण या गावाच्या वैभवाबद्दल प्रसिद्ध आहे. हा पाळणा हलता ठेवणारी काळी जमीन मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्यात पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या सारा वसूल करणाऱ्या देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुलीचे काम काढून घेतले. काम गेले, परंतु त्यांना सरकारी खजिन्यातून दरसाल 'रुसूम' मिळत राहिला. म्हणजे प्रत्यक्षात काम न करणाऱ्याला, केवळ दप्तरात पूर्वापार नाव आहे म्हणून, राज्याने रोख रक्कम देण्याची रीत आमच्या मुलखात पुरेशी जुनी आहे. सेवा केंद्रात अंगठा टेकवताना आम्हांला या रुसुमाची आठवण झाली, हे कबूल करतो.

ब्रिटिश मुलखात १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला आणि १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची व्यवस्था बसवली. तगाई हे अनुदान नव्हे, कर्ज होते. पण शेतकऱ्याला सरकारातून थेट पैसा मिळण्याची आपल्याकडची रीत तिच्यातून घडली. या रकमेला तारण हवे आणि तारण म्हणजे बहुधा जमीन. ज्याच्यापाशी जमीन नाही तो कितीही कष्टाळू असो, सरकारच्या लेखी तो शेतकरीच नाही, ही व्याख्या येथे पक्की झाली. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तोही याच काळात, १८८३ साली. निरक्षर शेतकरी आणि सरकार यांच्या मध्ये बसलेला लेखणीवाला हा त्या ग्रंथाचा एक मुख्य विषय आहे. शेतकऱ्याला सरकार भेटते ते कागदातून, आणि कागद असतो तिसऱ्याच्याच हाती, हे फुल्यांनी ओळखले होते.

* * *

मराठवाड्याचा हा कागद प्रथम नीट तयार झाला तो १९५४-५५ च्या खासरा पाहणीत. हैदराबाद राज्यात जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या होत्या आणि १९५० साली कुळकायदा आला होता. कसेल त्याची जमीन, हा त्या कायद्यामागचा हेतू. संरक्षित कुळांची नोंद झाली, काहींना जमिनी मिळाल्या. हे काम मोठे होते. त्याचे श्रेय नाकारण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु त्या कायद्याने एक भीतीही पेरली. 'कुळ लागेल' हे दोन शब्द आमच्या लहानपणी घरात आगीच्या वार्तेसारखे उच्चारले जात. एकाच माणसाकडे रान फार वर्षे ठेवू नये, कागदावर काही लिहून देऊ नये, पीकपाहणीत त्याचे नाव लागू देऊ नये, ही सारी शहाणपणे जमीनधारक कुटुंबांनी एकमेकांना शिकवली. बटई थांबली नाही. ती तोंडी झाली आणि ठोक्याचे व्यवहारही तोंडीच राहिले. सातबाऱ्यातला सात हा नमुना मालकीचा आणि बारा हा नमुना पिकाचा. सातावर आमचे नाव राहिले, बारावर पिकाचे नाव राहिले, आणि पीक काढणारा या दोहोंच्या मधल्या फटीतून खाली पडला. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेल्या कायद्याच्या धाकाने कसणाऱ्याचे नाव कागदावरून पुसले गेले, हा या कथेतला सर्वांत कडू विनोद आहे. तो करणाऱ्यांत आमचेही घर होते.

दुसरा वर्ग गायरानांवरचा. १९५३ साली मराठवाड्यात आणि १९६४ साली देशभर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गावोगावच्या दलित कुटुंबांनी पडीक गायराने फोडून पिकाखाली आणली. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्यांचे अर्ज मार्गी लागले त्यांना सातबारा मिळाला. ज्यांचे लागले नाहीत ती माणसे त्याच रानात पेरत आली, आणि अतिवृष्टी झाली की त्यांच्या बांधावरून पंचनामा करणारा पुढच्या शेतात जातो. पाऊस काही कोणाचा उतारा मागून पडत नाही. भरपाई मात्र उताऱ्याखेरीज मिळत नाही.

* * *

या सगळ्या इतिहासात एक अपवाद आहे आणि तो महाराष्ट्राच्या अभिमानाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात जी कामे निघाली, त्यांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव ही त्या काळची कामे. तेथे सातबारा कोणी मागत नसे. जो कामावर येईल त्याचे नाव हजेरीपटावर, आणि त्यात बायकांची संख्या मोठी. हजेरीपटावरही खोटी नावे चढत, हे आम्ही विसरलेलो नाही. तरी तत्त्व असे होते की घाम गाळणाऱ्याला पैसा. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला, आणि तो देणाऱ्यांत आमचे वडीलही होते.

या तत्त्वाला वळण लागले ते १९९० साली, रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजनेने. कल्पना चांगली होती. खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतचा खर्च हमीच्या निधीतून व्हावा, मजुराला काम मिळावे आणि कोरडवाहू शेतकऱ्याला बाग मिळावी. जालना जिल्ह्याची मोसंबी नावारूपाला आली त्यात या योजनेचा मोठा हातभार आहे. पुढे या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र मजुराच्या हक्काचा निधी येथे मालकाच्या रानात मुरला. मजुराला खड्ड्याची मजुरी एकदा मिळाली, बाग मालकाची कायमची झाली. बागेपाठोपाठ ठिबक, शेततळे, प्लॅस्टिकचे अस्तर अशी अनुदानांची साखळीच लागली. ज्याला पहिले मिळाले त्याला दुसरे मिळणे सोपे होते, कारण प्रत्येक अर्जाला आधीचा कागद जोडायचा असे. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाचे काम सामूहिक शिस्तीने करून शेततळ्यांवर द्राक्षे उभी केली, हे याच जिल्ह्यातले दुसरे आणि उजळ चित्र आहे. अनुदान वाया जाते असे आमचे म्हणणे नाहीच. ते कोठून आत शिरते आणि कोणाच्या दारापाशी थांबते, इतकेच आम्ही पाहत आहोत.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. तेव्हा मदतीच्या यादीत ज्यांची नावे होती ते खरोखरीच हवालदिल झालेले लोक होते. परंतु त्या बागांवर राबणाऱ्या सालगड्याचे साल मोडले, त्याची यादी कोठेच नव्हती.

* * *

कर्जमाफीचा इतिहास वेगळा सांगायला नको. १९९० ची दहा हजारांपर्यंतची माफी, २००८ ची केंद्राची, २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या योजना, या सर्वांत अट एकच होती: बँकेचे वा सोसायटीचे कर्ज हवे. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. बटईदार कर्ज काढतो ते दुकानदाराकडून, आडत्याकडून, नात्यातून. ते कोणत्याच सरकारला माफ करता येत नाही. २००८ साली दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी आणि त्यापुढच्यांना ७५ टक्के भरल्यावर २५ टक्के सूट असा नियम होता. पाण्याखालचे पाच एकर आणि खडकावरचे पाच एकर त्याने एकाच मापाने मोजले. २०१३ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेची ९० हजारांवर खाती तपासली, तेव्हा त्यांतल्या सुमारे २२ टक्के खात्यांत काही ना काही चूक आढळली.

२०१९ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री किसान सन्मान निधी आला. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. प्रारंभी तो दोन हेक्टरांपर्यंतच्या कुटुंबांना होता, नंतर सर्व जमीनधारकांना. २०२३ पासून राज्याने 'नमो' नावाने आणखी ६,००० जोडले. आयकर भरणारे, मोठे निवृत्तिवेतनधारक इत्यादींना त्यातून वगळले आहे. त्यामुळे आम्ही त्यात बसत नाही, हे आमच्या प्रामाणिकपणापेक्षा आमच्या पगारपत्रकाचे श्रेय. २०२१ साली केंद्राने संसदेत सांगितले की ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांना जवळजवळ ३,००० कोटी रुपये गेले आहेत. ही वसुली गाजली. या योजनेत मुळातच जे बसू शकत नाहीत, त्या बटईदारांची व भूमिहीनांची संख्या मात्र संसदेत कोणी विचारून गाजवली नाही.

कडेलोट दिसतो तो आत्महत्येनंतरच्या मदतीत. २००६ च्या शासननिर्णयाप्रमाणे आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळत आले. त्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन हवी, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे हवे, तगादा सिद्ध व्हायला हवा. अन्यथा प्रकरणावर 'अपात्र' असा शेरा पडतो. माणूस मेल्यावरही तो शेतकरी होता की नव्हता हे उतारा ठरवतो. आणि मागे राहिलेल्या विधवेच्या नावे उतारा नसला, तर पुढची सारी अनुदानेही दीर-सासऱ्यांच्या खात्यांत जातात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, त्यामागचे व्यवहारज्ञान येथे कळते.

शरद जोशींचे नाव निघाले म्हणून त्यांचा आक्षेपही नोंदवणे न्यायाचे. त्यांचा सिद्धान्त असा की भारतीय शेतकऱ्याला मिळते ती 'उणे सबसिडी' आहे. भाव पाडून सरकार जितके काढून घेते त्या मानाने परत देते ते चिल्लर. कापसाची एकाधिकार खरेदी भोगलेल्या आमच्या जिल्ह्याला हे पटवून देण्याची गरज नाही. हे मान्य केले तरी आमचा प्रश्न सुटत नाही, उलट अधिक टोचतो. अनुदान ही जर पाडलेल्या भावाची परतफेड असेल, तर ती पीक विकणाऱ्याला मिळायला हवी. अर्धे पीक विकणारा बटईदार त्या लुटीत पूर्ण भागीदार आणि परतफेडीत शून्य, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

* * *

आता त्या घोटाळ्याकडे पुन्हा एकदा पाहू. तपासातून जी पद्धत पुढे आली ती साधी होती. जमीन नसलेल्यांची नावे घालायची, एकाच नावावर दोनदा रक्कम टाकायची, क्षेत्र फुगवायचे, सरकारी जमिनीवरही पीक दाखवायचे, आणि वरिष्ठांचे परवलीचे शब्द वापरून याद्या मंजूर करून घ्यायच्या. त्या काळात राज्याने भरपाईची मर्यादा तीन हेक्टर केली होती आणि बहुवार्षिक पिकांचा दर हेक्टरी ३६,००० रुपये होता. म्हणजे एका कल्पित नावावर एक कल्पित बाग दाखवली की १ लाख ८ हजार रुपये. बाग लावायला नको, पाणी द्यायला नको, ती वाळतही नाही.

हे शक्य होते याचे कारण आमच्या मते असे. यादीचा संबंध शेताशी नसून उताऱ्याशी आहे. शेतात कोण राबतो ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. उताऱ्यावर काय आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. अनुदान शेतावर दिले असते, तर खोटे नाव गावाने दुसऱ्या दिवशी ओळखले असते. कागदावर दिले जाते म्हणून ते कागदावरच चोरता आले. बटईदाराचे वगळले जाणे आणि बनावट नावाचे शिरणे ही एकाच दाराची दोन पाखे आहेत.

उपाय अगदीच अज्ञात नाहीत. युरोपात शेती-अनुदानाच्या याद्या पत्रकारांनी व नागरिकांनी झगडून बाहेर काढल्या, तेव्हा इंग्लंडच्या राणीचेही नाव त्यांत निघाले. पुढे २०१० साली तेथील न्यायालयाने व्यक्तींची नावे सरसकट जाहीर करण्यावर मर्यादा घातली. खाजगीपणाचा तो मुद्दाही विचारात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने आपण होऊन प्रसिद्ध करायचा आहे. ती यादी चावडीवर केवळ डकवली न जाता ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, तरी पुष्कळ काम होईल. ओडिशाने २०१८-१९ मध्ये 'कालिया' योजनेत वाटेकरी व भूमिहीनांना घेतले. आंध्र प्रदेशाने २०१९ साली कायदा करून कसणाऱ्याला मालकी हक्काला धक्का न लावता अकरा महिन्यांचे ओळखपत्र देऊ केले. आमच्यासारख्यांच्या मनातली 'कुळ लागेल' ही भीती घालवल्याखेरीज बटईदाराचे नाव कागदावर येणार नाही, हे त्यांनी ओळखले. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आहे. पिकाचे छायाचित्र घेणाऱ्या त्या यंत्रात पीक पेरणाऱ्याचे नाव लिहिण्याची जागा करणे हा तंत्राचा प्रश्न नाही. तो आमच्या, म्हणजे उताराधारकांच्या, मनाचा प्रश्न आहे.

* * *

त्या २७,२०० रुपयांचे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही गावी गेलो आणि सगळी रक्कम बटईदारापुढे ठेवली. त्याने ती मोजली आणि निम्मी परत केली. बियाणे-खत निम्मे तुमचे होते, पीक निम्मे तुमचे होते, मग नुकसान तरी सगळे माझे कसे, असे त्याचे म्हणणे. आम्ही आग्रह केला, तो ऐकेना. निघताना त्याने एवढेच विचारले, "दादा, पुढल्या साली तुम्ही नाही आलात, तर मी कुणाला विचारायचं?"

आम्ही वाटेने उत्तर शोधत राहिलो. दिले ते आमच्या मर्जीने दिले. न देतो तरी कोणताही कायदा, कोणतीही चौकशी समिती आमच्या दारी आली नसती. अंबडच्या पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या गुन्ह्यात आमचे नाव असण्याचे काहीही कारण नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. पण ज्या वाटणीला हिशोब म्हणून तो इतक्या सहजपणे स्वीकारतो, ती त्याच्या हक्काची म्हणून कोठेच लिहिलेली नाही. ती लिहून देण्याचे धाडस आम्हीही अजून केलेले नाही. असो.